फोन कोणी उचलला?



आजचा विषय कळवला तेव्हा आमच्या एका जुन्या स्नेह्यांनी विचारलं, "अहो, भूमध्य समुद्रातल्या होड्या आणि इटलीचं सरकार, यात तुमचं काय काम? तुम्ही तर तत्त्वज्ञानाचे." आम्ही म्हटलं, तत्त्वज्ञानाचे म्हणूनच.

आम्ही अनेक वर्षे नीतिशास्त्र शिकवलं. वर्गात एक उदाहरण दरवर्षी द्यायचो. पीटर सिंगर यांनी १९७२ साली एका लेखात मांडलेलं. रस्त्याने जाताना उथळ तळ्यात एक मूल बुडताना दिसलं, तर कपडे चिखलाने खराब होतील म्हणून आपण तसेच पुढे जाऊ का? सगळा वर्ग एका सुरात 'नाही' म्हणायचा. मग सिंगर पुढचं विचारतात: मूल हजारो मैलांवर असेल तर? अंतरामुळे कर्तव्य कमी होतं का? इथे चुळबुळ सुरू व्हायची. सिंगर यांच्या मनात तेव्हा १९७१ चे पूर्व बंगालचे निर्वासित होते, हेही आम्ही सांगायचो. एका वर्षी मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, तळं कोणाच्या हद्दीत आहे?" वर्ग हसला. आम्हीही हसलो. आज वाटतं, हसायला नको होतं. युरोपच्या समुद्री स्थलांतर धोरणाचा सगळा डोलारा त्या एकाच प्रश्नावर उभा आहे.

११ ऑक्टोबर २०१३. लिबियाहून निघालेली एक होडी, आत चारशेच्या वर माणसं, बहुतेक सीरियातली, यादवीतून पळालेली. होडीत पाणी शिरू लागलं. आतल्या एका डॉक्टरने उपग्रह फोनवरून रोमच्या बचाव केंद्राला फोन केला. पुन्हा केला. पुन्हा केला. रोमने सांगितलं, तुम्ही माल्टाच्या क्षेत्रात आहात, माल्टाला फोन करा. होडी माल्टापेक्षा इटलीच्या लाम्पेदुसा बेटाला कितीतरी जवळ होती. आणि त्याहूनही जवळ, तासा-दीड तासाच्या अंतरावर, इटलीच्या नौदलाचं एक जहाज होतं. त्याचं नाव लिब्रा. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे. जहाजाला वेळेवर हुकूम मिळाला नाही. संध्याकाळी होडी उलटली. दोनशेहून अधिक माणसं बुडाली. त्यांत साठच्या आसपास मुलं होती.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात बघू. १९७९ च्या हॅम्बुर्ग करारापासून समुद्राचे शोध-बचावासाठी विभाग पाडण्याची पद्धत आली. आपल्या मुंबईतही तटरक्षक दलाचं असं समन्वय केंद्र आहे. विभाग माझा याचा अर्थ तिथला समुद्र माझ्या मालकीचा असा नव्हे. तिथे मदत घडवून आणण्याची जबाबदारी माझी, एवढाच त्याचा अर्थ. आणि हाक ज्याच्या कानावर आधी पडली, त्याने दुसऱ्या केंद्राने काम खरोखर हाती घेईपर्यंत ते सोडायचं नाही, अशी रीत आहे. म्हणजे विभाग पाडले ते कोणीही वाऱ्यावर राहू नये म्हणून. पण सरकारी कचेरीत ज्याने एखादा कागद हलवून पाहिला आहे त्याला माहीत आहे, कामाची वाटणी केली की तिच्यातून आणखी एक गोष्ट तयार होते: 'हे आमच्या टेबलाचं काम नाही' असं म्हणण्याची सोय. आमचं स्वतःचं निवृत्तिवेतनाचं प्रकरण अशाच दोन टेबलांच्या मध्ये बरेच महिने अडकलं होतं. आमचं काय, पैसे उशिरा मिळाले. त्या होडीतल्या माणसांना पाच-सहा तास होते.

आमचं आजचं म्हणणं सरळ आहे. गेल्या पंधरा वर्षांत इटलीच्या सरकारांनी, उजव्या आणि डाव्या दोन्ही, ही टेबलांमधली फट बुजवण्याऐवजी तिचंच धोरण केलं. युरोपने ते आधी चालवून घेतलं आणि मग उचलून धरलं.

पण आधी इटलीच्या बाजूने जे म्हणायला हवं ते म्हणू, कारण एकतर्फी टीका ही टीकाच नसते. त्या घटनेच्या आठच दिवस आधी, ३ ऑक्टोबरला, लाम्पेदुसाच्या किनाऱ्यापासून मैलभराच्या आत दुसरी एक होडी बुडून साडेतीनशेहून अधिक माणसं मेली होती, बहुतेक एरिट्रियाची. या दोन घटनांनी इटली हादरली. पंतप्रधान एन्रिको लेत्ता यांच्या सरकारने १८ ऑक्टोबर २०१३ ला 'मारे नोस्त्रुम' नावाची नौदल मोहीम सुरू केली. 'मारे नोस्त्रुम' म्हणजे लॅटिनमध्ये 'आपला समुद्र'. रोमन साम्राज्याचा हा शब्द, मुसोलिनीनेही तो मिरवलेला. पण या एका वर्षात त्याचा अर्थ पालटला. आपला समुद्र, म्हणून त्यातला बुडणारा माणूसही आपला. नौदलाची जहाजं थेट लिबियाच्या जवळ जाऊन होड्या शोधत होती. वर्षभरात सुमारे दीड लाख माणसांना त्यांनी बाहेर काढलं. खर्च महिन्याला सुमारे ९० लाख युरो.

हा खर्च इटली एकटी करत होती. इटलीने युरोपकडे वाटा मागितला. मिळालं काय? १ नोव्हेंबर २०१४ पासून 'ट्रायटन' नावाची युरोपीय मोहीम, जिचा खर्च मारे नोस्त्रुमच्या साधारण तिसरा हिस्सा, आणि गस्त मुख्यतः इटलीच्या किनाऱ्यापासून तीस सागरी मैलांपर्यंत. माणसं जिथे बुडत होती तिथपर्यंत ती पोचतच नव्हती. ब्रिटनच्या सरकारने तर संसदेत सांगितलं, की बचावामुळे लोकांना यायला उत्तेजन मिळतं, म्हणून आम्ही अशा मोहिमांना पाठिंबा देणार नाही. त्यात डब्लिनचा नियम. त्याचा व्यवहारातला अर्थ असा, की माणसाने युरोपात ज्या देशात पहिलं पाऊल टाकलं, बहुधा त्याच देशाने त्याचा आश्रयाचा अर्ज निकाली काढायचा. समुद्र ज्याच्या अंगणात, ओझं त्याच्या डोक्यावर. २०१५ साली ठरलं, की इटली आणि ग्रीसमधून १ लाख ६० हजार लोक इतर देश वाटून घेतील. प्रत्यक्षात सुमारे ३५ हजारच घेतले गेले. तेव्हा इटलीचं गाऱ्हाणं खोटं नाही. तिला एकटं पाडलं गेलं हे खरं आहे.

प्रश्न असा, की एकट्या पडलेल्या सरकारने पुढे काय केलं? इथे दोन न्यायनिर्णय शेजारी शेजारी ठेवून वाचायला हवेत.

पहिला २३ फेब्रुवारी २०१२ चा. मे २००९ मध्ये इटलीच्या जहाजांनी लाम्पेदुसाच्या दक्षिणेला सुमारे दोनशे लोकांना समुद्रात अडवलं, स्वतःच्या जहाजांवर घेतलं आणि थेट त्रिपोलीला नेऊन गद्दाफीच्या माणसांच्या ताब्यात दिलं. बर्लुस्कोनी आणि गद्दाफी यांचा मैत्रीकरार आदल्याच वर्षी झाला होता. त्या दोनशेंपैकी चोवीस जण, अकरा सोमाली आणि तेरा एरिट्रियन, स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेले. 'हिरसी जमा विरुद्ध इटली' हा तो खटला. न्यायालयाने एकमताने इटलीला दोषी ठरवलं. म्हणणं असं: भर समुद्रात असलात तरी जहाज तुमचं, खलाशी तुमचे, माणसं पूर्णपणे तुमच्या ताब्यात. मग तुमचा कायदाही त्यांच्यासोबत आहे. जिथे छळ होईल तिथे त्यांना नेऊन सोडता येणार नाही.

फार मोठा निर्णय. आम्हीही तेव्हा आनंदाने तो विद्यार्थ्यांना वाचायला दिला होता. पण सरकारही निर्णय वाचतं, बरं का! आणि सरकारने त्यातून वेगळाच धडा घेतला. धडा 'परत पाठवू नये' हा नव्हता. धडा 'आपल्या हाताने परत पाठवू नये' हा होता.

२ फेब्रुवारी २०१७ ला पंतप्रधान पाओलो जेन्तिलोनी आणि त्रिपोलीचे फाएझ अल-सराज यांनी एका सामंजस्य करारावर सह्या केल्या. यामागे गृहमंत्री मार्को मिन्निती होते, डाव्या मध्यममार्गी पक्षाचे. इटलीने लिबियाच्या तटरक्षकांना दुरुस्त केलेल्या गस्ती नौका दिल्या, प्रशिक्षण दिलं, युरोपने पैसा दिला. २०१८ मध्ये लिबियाचा स्वतंत्र शोध-बचाव विभागही आंतरराष्ट्रीय नोंदीत आला. आता होडी अडवणारे लिबियाचे, बंदर लिबियाचं, कोठडी लिबियाची. आपल्याकडे म्हणतात ना, दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणं. इथे तर खांदाही आपणच खरेदी करून दिला. पुढे सरकारं बदलली, करार मात्र २०२० आणि २०२३ ला नव्याने चालू राहिला.

आता दुसरा निर्णय. ६ नोव्हेंबर २०१७ ला एका रबरी होडीची हाक रोमच्या केंद्रात आली. रोमने आसपासच्या जहाजांना कळवलं. लिबियाची एक नौका आणि एका स्वयंसेवी संस्थेचं जहाज, दोन्ही तिथे पोचली. लिबियाची नौका इटलीनेच दिलेली होती. त्या गोंधळात किमान वीस माणसं बुडाली, काहींना लिबियात परत नेण्यात आलं. वाचलेल्यांनी स्ट्रासबुर्ग गाठलं. २०२५ साली न्यायालयाने निकाल दिला, की ही तक्रार ऐकताच येत नाही. कारण त्या भागावर किंवा त्या लिबियन खलाशांवर इटलीचा प्रत्यक्ष ताबा नव्हता. रोमने फोन घेतला, बचावकार्याला चालना दिली, एवढ्याने ती माणसं इटलीच्या अधिकारक्षेत्रात येत नाहीत.

म्हणजे बघा. समुद्र तोच, निघालेली माणसं तशीच, त्यांचा शेवटचा मुक्काम तीच लिबियाची कोठडी. फरक एवढाच, की २००९ साली हात इटलीचा होता आणि २०१७ साली नव्हता. आम्ही न्यायालयावर फार राग धरत नाही. त्याला एका ठरावीक कराराच्या चौकटीत काम करायचं असतं. पण ही चौकट कुठे संपते ते नीट मोजून तिच्या एक पाऊल बाहेर उभं राहणाऱ्या सरकारला निर्दोष म्हणता येईल का?

आणि दुसरी चौकट उपलब्ध आहे. त्या पहिल्या, ११ ऑक्टोबरच्या घटनेत, संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०२१ च्या जानेवारीत आपलं मत जाहीर केलं. होडी माल्टाच्या विभागात होती हे मान्य करूनही समिती म्हणाली, की त्या माणसांच्या जगण्याच्या हक्काचं रक्षण करण्यात इटली चुकली. का? कारण त्यांनी रोमला फोन केला होता, रोमने तो घेतला होता, आणि इटलीचं जहाज जवळच होतं. या सगळ्यातून त्या माणसांचं आणि इटलीचं एक विशेष नातं तयार झालं. अवलंबून असण्याचं नातं. आम्हाला वाटतं, अलीकडच्या आंतरराष्ट्रीय कायद्यात इतकं नितळ नैतिक वाक्य क्वचित सापडेल. एक चौकट म्हणते, हात लागला तरच जबाबदारी. दुसरी म्हणते, फोन उचलला तिथून जबाबदारी. इटलीच्या सरकारांनी पहिली पसंत केली आणि तिच्याभोवती घर बांधलं.

आता सरकारची बाजू घेऊन आपणच वाद घालू. सरकार म्हणेल, आकडे बघा. २०१६ साली १ लाख ८१ हजार लोक समुद्रातून इटलीत आले. २०१८ साली फक्त २३ हजार. होड्या कमी निघाल्या, म्हणून माणसंही कमी बुडाली. तुमच्या नीतिशास्त्रापेक्षा आमच्या करारानेच जास्त जीव वाचवले!

हा युक्तिवाद हलका नाही. पण त्यात दोन गोष्टी दडपलेल्या आहेत. एक म्हणजे मोजणी फक्त समुद्रात केली आहे. लिबियाच्या कोठड्यांत काय झालं ते या हिशेबात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या तथ्यशोधन मंडळाने २०२३ साली म्हटलं, की तिथे स्थलांतरितांविरुद्ध मानवतेविरोधी गुन्हे झाले असं मानायला सबळ कारण आहे. दुसरं, कान्ट. 'चिरंतन शांतता' या १७९५ च्या प्रबंधात कान्टने परक्या माणसाला फार थोडा हक्क दिला आहे. पाहुणा म्हणून राहण्याचाही नाही, फक्त येऊन भेटण्याचा. यजमान त्याला परत पाठवू शकतो. पण एकच अट आहे: परत पाठवण्याने त्याचा नाश होता कामा नये. बघा, कान्ट भोळा विश्वबंधू नाही. सीमा उघडा असं तो म्हणत नाही. आम्हीही म्हणत नाही. सरकारला नियंत्रणाचा अधिकार आहे. तो अधिकार जिथे थांबतो ती जागा मात्र दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून ठेवलेली आहे.

हात लांब ठेवायचा, हे एकदा धोरण झालं की ते सगळीकडे पसरतं. २०१८ च्या जूनमध्ये गृहमंत्री माटेओ साल्विनी यांनी 'अक्वेरियस' या जहाजाला, आत ६२९ माणसं असताना, बंदर नाकारलं. जहाज शेवटी स्पेनला गेलं. त्याच ऑगस्टमध्ये 'दिचोत्ती' या जहाजावरच्या १७७ जणांना कितीतरी दिवस उतरू दिलं नाही. पण हे जहाज इटलीच्या स्वतःच्या तटरक्षक दलाचं होतं! इथे हात झटकता येईना, आणि २०२५ मध्ये इटलीच्याच सर्वोच्च अपील न्यायालयाने अडकवलेल्यांना भरपाई देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. मग पद्धत अधिक सभ्य झाली. जानेवारी २०२३ च्या वटहुकमाने स्वयंसेवी जहाजांना बंदर नाकारलं जात नाही, उलट ताबडतोब दिलं जातं, फक्त ते लांबचं असतं. आंकोना, राव्हेन्ना, जेनोआ. जायला कित्येक दिवस, यायला तेवढेच. तेवढे दिवस बचावाच्या जागी जहाज नाही. कुणी काही मना केलेलं नाही, हे विशेष.

कधी कधी नुसतं नाव बदलूनही भागतं. २६ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे कालाब्रियात कूट्रोच्या किनाऱ्याजवळ तुर्कस्तानहून आलेली होडी फुटली. किमान ९४ माणसं मेली, तीसहून अधिक मुलं. आदल्या रात्री युरोपीय सीमा संस्थेच्या विमानाने होडी पाहिली होती, रोमला कळवली होती. पण तिची नोंद 'संकटात' अशी न होता बेकायदा प्रवेशाची बाब म्हणून झाली. पोलिसी नौका निघाल्या आणि खराब हवामानामुळे परतल्या. वादळातही जाऊ शकणाऱ्या बचाव नौका निघाल्याच नाहीत. त्यासाठी कोण जबाबदार हे तिथली न्यायालयं ठरवतील. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने एवढंच टिपून ठेवावं, की होडी कोणत्या खान्यात लिहिली यावर किती माणसं जगतात ते ठरलं.

आणि आता ते जहाज, लिब्रा. नोव्हेंबर २०२३ मध्ये पंतप्रधान ज्योर्जिया मेलोनी यांनी अल्बानियाशी करार केला. समुद्रात वाचवलेल्या काही लोकांना इटलीत न आणता अल्बानियातल्या शेंग्जिन आणि ग्यादर इथल्या केंद्रांत ठेवायचं, अर्ज तिथेच तपासायचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिली तुकडी गेली. सोळा माणसं. दहा बांगलादेशी, सहा इजिप्शियन. त्यांना घेऊन गेलं नौदलाचं जहाज लिब्रा! २०१३ साली जवळ असूनही ज्याला वेळेवर पाठवलं नाही, तेच जहाज अकरा वर्षांनी सोळा माणसांना दूर नेण्यासाठी थेट एड्रियाटिक ओलांडून गेलं. त्यांतले चौघे लगेच परत आणावे लागले, कारण काही अल्पवयीन निघाले, काही आजारी. उरलेल्या बारांची स्थानबद्धता रोमच्या न्यायालयाने दोनच दिवसांत अमान्य केली. पण ही कल्पना इतर युरोपीय राजधान्यांना आवडली आहे. एका राष्ट्रीय सरकारची भूमिका अशी असते: आधी ते एकटंच काही करतं, शेजारी नाकं मुरडतात, आणि मग तेच हळूहळू युरोपचं धोरण होतं.

त्या दहा बांगलादेशींकडे आपण जरा थांबून बघू. २०२४ मध्ये समुद्रातून इटलीत उतरलेल्यांत सर्वांत मोठी संख्या बांगलादेशींची होती. सिंगरनी ज्या भूमीतल्या लोकांसाठी ते तळ्याचं उदाहरण रचलं, त्याच भूमीतली ही नातवंडं. आता ती हजारो मैलांवर नाहीत, युरोपच्या दारात आहेत. अंतर मिटलं. म्हणून नवं अंतर बांधावं लागलं.

आमच्या विद्याशाखेत 'करणे' आणि 'होऊ देणे' यांत फरक करतात. मी मारलं वेगळं, मी मरू दिलं वेगळं. फरक खरा आहे, आम्ही तो मोडीत काढत नाही. पण या दोन्हींच्या मध्ये एक तिसरी कृती आहे, तिला आमच्या पुस्तकांत धड नाव नाही: होऊ देण्याची व्यवस्था करणे. करार करणं, नौका देणं, विभाग आखून घेणं, बंदर लांबचं देणं, खाना बदलणं. यातली प्रत्येक गोष्ट पूर्ण शुद्धीत, सही-शिक्क्याने केलेली कृती आहे. तिचा परिणाम काय होणार हे माहीत असतं. मग शेवटच्या क्षणी हात दुसऱ्याचा होता, म्हणून कर्ता बदलतो का? आमच्या मते बदलत नाही. जाणीव, क्षमता आणि समोरच्याचं आपल्यावर अवलंबून असणं, या तिन्ही गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे जबाबदारी आहे. स्पर्श ही तिची चौथी अट नाही.

आपणही फार ऐटीत बोलू नये. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आणि शिबी राजाची गोष्ट सांगणाऱ्या समाजाची दारंही सगळ्यांना सारखी उघडी नसतात. टेबलावरून टेबलावर ढकलण्यात तर आपण कुणाला हार जाणार नाही. इटलीकडे बघायचं ते बोट दाखवायला नव्हे. आधुनिक राज्य कसं शिकतं, न्यायालयाच्या निर्णयातूनही पळवाट कशी वाचतं, हे समजून घ्यायला.

शेवटी एकच गोष्ट सांगतो. १८ एप्रिल २०१५ ला लिबियाच्या उत्तरेला एक मासेमारी बोट बुडाली. आत सात-आठशे किंवा त्याहून जास्त माणसं. वाचली मोजकी. पुढच्या वर्षी, मात्तेओ रेंझी यांच्या सरकारने नौदलाला सांगून ती बोट सुमारे ३७० मीटर खोलीवरून वर काढली, सिसिलीला आणली. अग्निशमन दलाच्या जवानांनी एकेक देह बाहेर काढला. मिलानच्या न्यायवैद्यक तज्ज्ञ क्रिस्तिना कात्तानेओ आणि त्यांचे सहकारी या देहांना नावं मिळावीत म्हणून राबले. एका मुलाच्या जाकिटाच्या अस्तरात काहीतरी शिवलेलं लागलं. उसवून पाहिलं तर ते शाळेचं प्रगतिपुस्तक होतं. मालीचा मुलगा, चौदाएक वर्षांचा. युरोपात गेल्यावर दाखवायला त्याच्याकडे एवढंच होतं.

ती बोट इटलीच्या पाण्यात बुडाली नव्हती. ती वर काढण्याची सक्ती इटलीवर कोणत्याही कायद्याने नव्हती. तरी तिने ती काढली, लाखो युरो खर्चून, आणि हे तिच्या फार मोठ्या मनाचं लक्षण आहे. तेव्हा हद्द कोणाची असं कोणी विचारलं नाही. आम्हाला इटलीच्या सरकारला, आणि सगळ्याच सरकारांना, विचारायचं आहे ते इतकंच, की जो प्रश्न मेलेल्यांच्या बाबतीत तुम्हाला आठवला नाही, तो बुडणाऱ्यांच्या बाबतीतच का आठवतो?

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.